पोटदुखी सांगणाऱ्या रुग्णाविषयी : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मानसोपचारतज्ज्ञांना किंवा हार्मोनतज्ज्ञांना लिहिता आलं असतं, पण मुद्दाम तुम्हाला लिहितोय. जेंडर डिस्फोरिया, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि आतून जाणवणारी ओळख जुळत नसल्याचा क्लेश, असलेला माणूस त्या तज्ज्ञांपर्यंत पोचतो तोवर आपल्याला जे होतंय त्याला काय म्हणतात एवढं तरी त्याला कळलेलं असतं. त्याआधीची सगळी वर्षं तो तुमच्याकडे येत असतो. झोप लागत नाही, लघवीला जळजळतं, पाठ भरून येते, पोटात दुखतं असं काहीबाही सांगतो. तुम्ही गोळ्या लिहून देता, तो घेतो आणि महिन्याभरात पुन्हा येऊन बसतो. मी स्वतः ट्रान्स पुरुष आहे. जन्मल्यावर माझी नोंद मुलगी म्हणून झाली, आज मी पुरुष म्हणून जगतो. वैद्यकीय शिक्षण माझ्याकडे नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांशी बोलणं होत असतं.

समोर बसलेला एखादा रुग्ण बोलतो कसा, इकडे कधी लक्ष गेलंय का? ‘रात्री झोप नाही. भूक नाही. कालपासून ताप आहे.’ तार पाठवल्यासारखी वाक्यं. तो ‘मी झोपतो’ म्हणत नाही आणि ‘मी झोपते’ही म्हणत नाही. क्रियापदालाच बगल देतो. एक म्हटलं तर खोटं वाटतं, दुसरं म्हटलं तर समोरचा दचकेल, म्हणून तो अशी वाक्यं जुळवतो की ज्यांत ‘मी’ने काही करायचंच नाही. ‘जेवलीस का?’ या प्रश्नाला ‘झालं जेवण’ हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार असतं. वर्षानुवर्षं असं बोलून त्याची इतकी सवय होते की त्याचे कष्ट त्याला स्वतःलाही जाणवत नाहीत. पण डोक्याचा एक कोपरा दिवसभर त्याच कामाला जुंपलेला असतो. डिस्फोरियाचा त्रास म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो. आरशासमोर ढसाढसा रडणारा माणूस लोकांना लगेच समजतो, हा कोपरा समजत नाही.

शरीराचा त्रास असतोच. वयात येताना तो बहुतेकांना गाठतो, कारण तोपर्यंत जे शरीर कसंबसं निभावून नेता येत होतं ते आता आपल्याला न विचारता भलत्याच वाटेने निघतं. छाती वाढते किंवा आवाज फुटतो, पाळी येते किंवा दाढी फुटते. इतर मुलं या बदलांना लाजतात, कुरकुरतात आणि सरावतात. इथे सरावणं होत नाही. मला माहीत असलेले कितीतरी जण दिवा मालवून अंघोळ करायचे. फोटोत कायम फोटो काढणारे तेच असतात. कुणी फोन उचलत नाही, कारण पलीकडचा ‘हां ताई, बोला’ म्हणेल आणि पुढचा तासभर वाया जाईल. कित्येकांना तर दुःख असं जाणवतच नाही, सगळं बधिर असतं. आपलं आयुष्य आपण मागच्या रांगेत बसून बघतोय असं वाटत राहतं. अशा माणसाला तुम्ही ‘काही टेन्शन आहे का?’ विचारलंत तर तो अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो.

आता निदानाबद्दल. ‘हा मानसिक आजारच ना?’ हा प्रश्न मला डॉक्टरांनीही विचारलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत 1980 साली हा विषय आला आणि 1994च्या आवृत्तीत त्याला लिंगओळखीचा विकार म्हटलं गेलं. 2013 साली पाचव्या आवृत्तीने ‘विकार’ काढून ‘डिस्फोरिया’ आणला. यात नुसती पाटी बदललेली नाही. एखाद्याची ओळख काय आहे हे आता निदानात मोजलं जात नाही, त्यापायी त्याला होणारा क्लेश मोजला जातो. प्रौढ व्यक्तीसाठी सहापैकी किमान दोन लक्षणं, तीही किमान सहा महिने, आणि त्यांच्यामुळे लक्षणीय त्रास किंवा रोजच्या जगण्यात अडथळा, असा निकष आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याच्या पुढे गेली. 2019मध्ये मंजूर झालेल्या आणि 1 जानेवारी 2022पासून लागू असलेल्या आयसीडी-11 या तिच्या आजारांच्या यादीत ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. तिथे क्लेश ही अटसुद्धा नाही. सगळ्या ट्रान्स व्यक्तींना डिस्फोरिया असतोच असं नाही, आणि ज्यांना असतो त्यांनाही तो चोवीस तास सारख्याच तीव्रतेने छळत नाही. स्वतःला धड पुरुषही न मानणारे आणि स्त्रीही न मानणारे लोक असतात. त्यांचा त्रास तेवढाच खरा असतो, फक्त समजावून सांगायला जास्त कठीण.

याची रक्ताची चाचणी नाही आणि स्कॅनमध्येही काही दिसत नाही. कुठलं एकच एक कारण सापडलेलं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून अनुवंशिकतेचा काही वाटा असावा असं दिसतं, तेवढ्यावरून कुणा एका माणसाबद्दल काही सांगता येत नाही. म्हणजे भिस्त उरते ती माणूस काय सांगतो यावर. मला यात काही विशेष खटकत नाही. अर्धशिशीचं निदान तुम्ही रुग्णाच्या तोंडून ऐकूनच करता, तेव्हा ‘सिद्ध कर’ म्हणत नाही.

दोन गल्लती मात्र टाळा. पहिली, बॉडी डिस्मॉर्फियाशी घातलेली. तिथे माणसाला स्वतःचं नाक आहे त्याहून विद्रूप दिसतं. डिस्फोरियात शरीर जसं आहे तसंच नीट दिसतं आणि नेमका तोच त्रास असतो. दुसरी गल्लत लैंगिक कलाची. कुणावर प्रेम जडतं हा वेगळा प्रश्न. ट्रान्स पुरुषाला पुरुष आवडू शकतात, स्त्रिया आवडू शकतात, दोन्ही किंवा कुणीच नाही. ‘मग तुला मुलगी आवडते म्हणून तू मुलगा झालास?’ असं मला विचारणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, ते खरोखरच कोडं सोडवू पाहत होते. मी घसा दुखतोय म्हणून गेलो होतो.

घशावरून आठवलं. ट्रान्स रुग्णाला काहीही झालं तरी खापर हार्मोनवर फोडायची एक रीत पडून गेलीय. डोकं दुखतं? हार्मोन. ताप? हार्मोन. हात मोडला तरी एखादा डॉक्टर आधी टेस्टोस्टेरॉनचा डोस विचारतो. आणि उलटंही होतं : जिथे खरंच हार्मोनकडे बघायला हवं, तिथे ‘हा आपला विषय नाही’ म्हणून हात वर केले जातात.

खरं म्हणजे तुमचा विषय नेमका कुठे सुरू होतो ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं. छाती सपाट दिसावी म्हणून अनेक ट्रान्स पुरुष बाइंडर घालतात. बाइंडर मिळत नाही किंवा घरी सापडायची भीती असते, तेव्हा मुरगळलेल्या पायाला बांधायची क्रेप बँडेज छातीला आवळतात. ती प्रत्येक श्वासासरशी आणखी घट्ट बसत जाते. मग बरगड्या दुखतात, पाठ धरते, जिना चढताना दम लागतो, घामाने कातडी सोलवटते. असा तरुण रुग्ण तुमच्याकडे ‘छातीत दुखतंय’ म्हणून येतो आणि स्टेथोस्कोप पुढे येताच आक्रसतो. शर्ट वर करायला तयार होत नाही. त्याला हट्टी समजू नका. ‘छातीला काही घट्ट बांधतोस का? किती तास? झोपताना काढतोस ना?’ हे तीन प्रश्न साध्या आवाजात विचारा. बांधणं बंद कर असं फर्मावलंत तर तो परत येणार नाही. बँडेज नको, मापाचा बाइंडर वापर, रात्री काढ, व्यायामाच्या वेळी काढ, असं सांगितलंत तर ऐकेल, कारण त्यालाही श्वास हवाच आहे.

लघवीचं तसंच. कुठल्या स्वच्छतागृहात जायचं हा प्रश्न रोज नव्याने सोडवण्यापेक्षा जायचंच नाही, असं ठरवणारे पुष्कळ आहेत. त्यासाठी ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संसर्ग होतो, तुम्ही अँटिबायोटिक देता आणि ‘भरपूर पाणी प्या’ म्हणता. तो मान डोलावतो. पुन्हा संसर्ग होतो. एवढंच विचारा, ‘दिवसभर बाहेर असताना लघवीला जाता येतं का?’ खाण्याकडेही लक्ष ठेवा. पाळी थांबावी म्हणून, नितंब-छाती भरू नये म्हणून स्वतःला उपाशी ठेवणारी मुलं असतात. त्यांना बारीक व्हायचं वेड लागलेलं नसतं, त्यांना शरीराला थांबवायचं असतं. हे न ओळखता नुसता आहाराचा तक्ता हातात दिला तर त्याचा काही उपयोग होत नाही.

आणि सगळ्यात अवघड : चिठ्ठीशिवाय स्वतःच हार्मोन सुरू केलेला रुग्ण. ट्रान्स स्त्रिया कधीकधी गर्भनिरोधक गोळ्या जास्त प्रमाणात घेतात, कारण त्या सहज मिळतात. त्यांतल्या एथिनिल इस्ट्रॅडिओलमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि म्हणूनच या उपचारात ते वापरू नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सिगारेट असेल तर विचारूच नका. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकतं, त्यासाठी हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, नजर ठेवावी लागते. अशा माणसाला रागावून परत पाठवलंत तर तो गोळ्या सोडत नाही, फक्त तुम्हाला सांगणं सोडतो. रक्ताच्या तपासण्या लिहून द्या, पायाला सूज किंवा अचानक दम लागला तर ताबडतोब यायला सांगा, आणि या उपचाराची माहिती असलेल्या तज्ज्ञाकडे पाठवा. नैतिक पेच त्यानंतर निवांत सोडवता येईल.

टेस्टोस्टेरॉनने काही महिन्यांत पाळी बहुधा थांबते, पण ते गर्भनिरोधक नव्हे. हे वाक्य कित्येक ट्रान्स पुरुषांना कुणीच सांगितलेलं नसतं. ज्याला गर्भाशयमुख आहे त्याची त्या कर्करोगाची तपासणी व्हायला हवी, दाढी असली तरीही. टेस्टोस्टेरॉनमुळे योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो, तपासणी जास्त दुखते. या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीसाठी स्वतःच नमुना घेण्याची सोय असेल तर ती जरूर सुचवा. ट्रान्स स्त्रीची शस्त्रक्रिया झाली असली तरी प्रोस्टेट सहसा जागेवरच असतं. आणि अपेक्षांबद्दलही खरं सांगा. इस्ट्रोजेनने फुटलेला आवाज बारीक होत नाही, चेहऱ्यावरची दाढी जात नाही. टेस्टोस्टेरॉनने खाली उतरलेला आवाज औषध थांबवल्यावर परत चढत नाही. ‘किती खात्री आहे तुझी?’ या प्रश्नापेक्षा ही माहिती माणसाला निर्णयासाठी जास्त उपयोगी पडते. खात्रीचा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला जातो की त्याची उत्तरं पाठ असतात. पाठ उत्तरातून तुम्हालाही काही कळत नाही.

मुलांबद्दल लिहायला मी कचरतो, कारण इथे प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते लपवून माझी बाजू भक्कम होणार नाही. वयात येण्याआधीच्या मुलाला डिस्फोरियासाठी कुठलंही औषध दिलं जात नाही. तिथे प्रश्न असतो तो केस, कपडे, हाक मारायचं नाव एवढ्याचाच. पौगंडावस्था सुरू झाल्यावर ती थोपवणाऱ्या औषधांचा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांनी एप्रिल 2024मध्ये दिलेल्या अहवालात या वयातल्या उपचारांमागचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं आणि मुलाकडे सर्व बाजूंनी बघायला सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2023मध्ये या उपचारांना असलेला आपला पाठिंबा कायम ठेवला आणि त्याच वेळी पुराव्याचा नव्याने आढावा घ्यायचंही ठरवलं. माझं मत विचाराल तर दार उघडं असावं आणि आत जाताना घाई नसावी. पण या वादाचा आधार घेऊन ‘अजून लहान आहेस, होशील नीट’ म्हणत मुलाला वाटेला लावणं हा उपचार नव्हे. काहींचा त्रास पुढे ओसरतो, काहींचा वाढतो, आणि कुणाचा काय होईल हे टेबलापलीकडून बघून सांगता येत नाही. मूल ऑटिस्टिक असेल तर जास्तच सावकाश ऐका. ट्रान्स व्यक्तींमध्ये ऑटिझमचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, पण म्हणून त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही.

उपचार घेऊन मागे फिरणारी माणसंही असतात. काहींना आपली ओळख वेगळीच असल्याचं उमगतं, काही जण घरच्या आणि नोकरीच्या दबावापुढे थकतात. तीही तुमच्याकडेच येणार. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे त्यांना अजिबात ऐकवू नका.

जीव नकोसा झाल्याचं बोलणं निघालं तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं. मात्र आईवडिलांना ‘मान्य करा, नाहीतर मूल गमवाल’ असा धाक घालू नका. धाकाने मिळवलेली मान्यता चार दिवस टिकते आणि मुलाला आपण घरावरचं संकट आहोत असं वाटायला लागतं. आईवडिलांना करण्याजोगं काहीतरी सांगा. 2018मध्ये अमेरिकेतल्या 129 तरुण ट्रान्स व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम, मित्रमंडळी यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी त्यांना त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जात होती, तितकं त्यांच्यातलं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. अभ्यास छोटा आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण नाव घ्यायला पैसे लागत नाहीत आणि त्याचे दुष्परिणामही नाहीत. नैराश्य असेल तर त्यावर उपचार जरूर करा, फक्त ‘आधी नैराश्य बरं होऊ दे, मग बाकीचं बघू’ अशी रांग लावू नका. बहुतेक वेळा दोन्ही एकाच दोरीने बांधलेली असतात.

आणि कुणी ट्रान्स माणसाची ओळख ‘दुरुस्त’ करून देतो म्हणत असेल तर रुग्णाला तिकडे पाठवू नका. ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपाथ या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा प्रयत्नांना केव्हाच अनैतिक ठरवलं आहे. हॅरी बेंजामिन हे या क्षेत्रातले सुरुवातीचे डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, हार्मोनचे डॉक्टर होते. बोलून-समजावून अशा माणसाचं मन पालटत नाही, हे त्यांनी 1960च्या दशकातच लिहून ठेवलं होतं.

तुमच्या चिठ्ठीत केवढी ताकद असते, याची तुम्हाला कल्पना नसावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत माग्नुस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरून पोलीस काही व्यक्तींना एक परवाना देत. हवे ते कपडे घालून रस्त्यावरून चालताना त्यांना अटक होऊ नये, एवढाच त्याचा उपयोग. 1919मध्ये हिर्शफेल्ड यांनी बर्लिनमध्ये संस्था काढली. मे 1933मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि तिचं ग्रंथालय चौकात जाळलं. तिथले सगळेच डॉक्टर लढवय्ये वगैरे नव्हते. ते रुग्ण तपासत होते आणि कागदावर सही करत होते.

आता थोडं तुमच्या दवाखान्याबद्दल. केसपेपरवर ‘हाक कोणत्या नावाने मारू?’ अशी एक ओळ घाला आणि ती बाहेर बसलेल्या मदतनिसालाही पाळायला लावा. भरल्या बाकांसमोर जुनं नाव पुकारलं गेलं की काही जण उठतच नाहीत, औषध न घेता निघून जातात. शरीराबद्दल जे विचाराल ते का विचारताय हे आधी सांगा, आणि तक्रारीशी संबंध नसेल तर विचारू नका. चुकून चुकीचं संबोधन गेलं तर ‘सॉरी’ म्हणा आणि पुढे चला. पाच मिनिटं माफी मागत राहिलात तर तुमची समजूत घालायचं काम आमच्यावर येतं.

फॅमिली डॉक्टर म्हणून तुमची आमच्या घरच्यांशीही ओळख असते, ही खरी अडचण आहे. मुलाने बंद दाराआड सांगितलेलं आईला सहज बोलता बोलता कळणं, यात तुमच्या दृष्टीने आपुलकी असेल. त्याच्यासाठी मात्र ते घर गमावणं ठरू शकतं. सज्ञान रुग्णाच्या बाबतीत तर प्रश्नच नको. अल्पवयीन असेल तर कुणाला काय आणि कधी सांगायचं हे त्याच्याबरोबर बसून ठरवा.

शेवटची विनंती प्रयोगशाळेच्या कागदाबद्दल. हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, क्रिएटिनिन यांची सामान्य पातळी स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळी छापलेली असते, आणि कुठली लावायची हे फॉर्मवरच्या एका चौकोनावर ठरतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन स्त्रियांच्या मापाने ‘जास्त’ म्हणून ठळक छापून येतं, तो घाबरतो आणि इंजेक्शन चुकवतो. हार्मोन बरेच महिने चालू असतील तर हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट त्या हार्मोनला साजेशा मापाने वाचा. क्रिएटिनिन काठावर असेल तर दोन्ही मापांनी पडताळून बघा. आणि रिपोर्ट हातात देताना, कुठलं माप धरलंत ते पेनने शेजारी लिहा.

आपला,
एक रुग्ण